साठ हजारांत पीएस ५ की पीसी, आणि नवा गेम नेमका कधी घ्यावा?

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. विचारणारा चोवीस वर्षांचा, कागलच्या एमआयडीसीत शिफ्टची नोकरी, घर उचगावात. घरी आई-बाबा आणि अकरावीतली बहीण. साठ हजार साठवलेत. कॉलेज संपल्यावर गेम सुटला, आता नवे ट्रेलर बघून हात शिवशिवतायत. पीएस ५ (सोनीचा, टीव्हीला जोडून खेळायचा कन्सोल) घेऊ की गेमिंग पीसी, यंदाचे कुठले नवे गेम घेऊ, की जीटीए ६ हा गाजावाजा झालेला गेम येईपर्यंत गप्प बसू, असे तीन प्रश्न त्यानं विचारलेत, आणि जाता जाता चौथा: गेमवरून आलेल्या मालिका आधी बघू की गेम आधी खेळू.

भावा, माझं कोल्हापुरात राजारामपुरीत गेम पार्लर आहे आणि मागच्या खोलीत कन्सोल दुरुस्तीचं काम चालतं. त्यामुळे नवा गेम मला दोन टोकांनी दिसतो. पहिल्या दिवशी पाच हजार मोजून डिस्क आणणारी पोरं दिसतात आणि महिन्या-दीड महिन्यानं तीच डिस्क "काका, किती देताय?" म्हणत काउंटरवर ठेवणारीही तीच पोरं दिसतात. अर्धा गेम तसाच राहिलेला असतो. म्हणून मी तुझे प्रश्न वेगळ्या क्रमानं घेणार आहे. मशीन नंतर. आधी तू खेळणार कधी, ते बघू.

तू लिहिलंस की शिफ्ट दर आठवड्याला बदलते आणि सुट्टी एकच. म्हणजे हाताशी दिवसाला दीड तास, तोही आठवड्यातून पाच दिवस धरू. आठवड्याचे साडेसात तास झाले. आता बाल्डर्स गेट ३ किंवा एल्डन रिंगसारखा मोठा गेम नीट खेळायचा तर शंभर तास सहज जातात. तुझ्या वेळेत एक गेम म्हणजे तीन महिने. वर्षाला तुला चार मोठे गेम पुरतात, आणि मधे तोंडी लावायला दोन-तीन छोटे. ज्याला वर्षाला चारच गेम लागतात, त्यानं या महिन्यात काय नवीन आलं याच्यामागं पळायचं कशाला? गेल्या पाच वर्षांतले उत्तम गेम अजून तुझ्यासाठी कोरेच आहेत. तू त्यांच्यापर्यंत पोचशील तोवर ते स्वस्तही झालेले असतील आणि दुरुस्तही.

दुरुस्तीचं जरा सविस्तर सांगतो, कारण इथंच लोकांचे पैसे जातात. मोठ्या गेमची डिस्क बाजारात येण्याच्या काही आठवडे आधी छापायला जाते. त्या दिवशी गेम ज्या अवस्थेत असेल तोच डिस्कवर उतरतो. छपाई आणि वाहतूक चालू असताना कंपनी चुका काढत बसते आणि विक्रीच्या दिवशी पहिला मोठा अपडेट सोडते. त्यात सगळ्या चुका निघत नाहीत, कारण लाखो लोक खेळायला लागल्यावरच कित्येक चुका दिसतात. सायबरपंक २०७७ हे याचं गाजलेलं उदाहरण. १० डिसेंबर २०२० ला आला, जुन्या पीएस ४ वर इतका वाईट चालला की आठ-दहा दिवसांत सोनीनं तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला आणि लोकांना पैसे परत दिले. २०२१ च्या जूनमध्ये तो परत आला. पण मी गिऱ्हाइकाला मन मोकळं करून "घे" म्हणायला लागलो ते २०२३ च्या सप्टेंबरात २.० अपडेट आल्यावर. आज तो गेम अप्रतिम आहे. जवळपास तीन वर्षं ज्यानं वाट बघितली त्याला पहिल्या दिवशीच्या गिऱ्हाइकापेक्षा कितीतरी चांगली वस्तू कमी पैशांत मिळाली.

पीसीवर ही भानगड आणखी वाढते. कन्सोल सगळ्यांचा सारखाच असतो. पीसी प्रत्येकाचा वेगळा: ग्राफिक्स कार्ड वेगळं, प्रोसेसर वेगळा, कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर म्हणजे ड्रायव्हर वेगळा. शिवाय हल्लीच्या गेममध्ये शेडर नावाचे छोटे प्रोग्राम त्या त्या कार्डासाठी तिथल्या तिथं तयार करावे लागतात. ते आधी करून ठेवले नाहीत तर ऐन मारामारीत चित्र क्षणभर अडखळतं. मार्च २०२३ मध्ये द लास्ट ऑफ अस पार्ट १ पीसीवर आला तेव्हा चांगली मशीनवाली माणसंही सुरुवातीला शेडर तयार होण्याची वाट बघत बसली होती. नंतरच्या अपडेटांनी तो सुधारला. पार्लरसाठी पीसीचा नवा गेम घेताना मी आधी दोन-तीन अपडेट येऊन जाऊ देतो, मग पैसे टाकतो.

याला अपवाद आहेत, नाही असं नाही. छोट्या चमूंचे गेम पुष्कळदा पहिल्याच दिवशी तयार होऊन येतात. ऑस्ट्रेलियातल्या टीम चेरीचा हॉलो नाइट: सिल्कसाँग सप्टेंबर २०२५ मध्ये वीस डॉलरला आला. त्या दिवशी खरेदीला एवढी झुंबड उडाली की ऑनलाइन दुकानंच कोलमडली, पण गेम धड होता. फ्रान्सच्या माँपेलिए शहरातल्या एका नव्या स्टुडिओचा क्लेअर ऑब्स्क्युअर: एक्स्पेडिशन ३३ एप्रिल २०२५ मध्ये आला, आणि वर्षअखेरी मोठमोठ्या कंपन्यांना मागं टाकून वर्षातल्या सर्वोत्तम गेमचा मान घेऊन गेला. यात लढाई आळीपाळीनं होते, तरी शत्रूचा वार चुकवायला बटण वेळेवरच दाबावं लागतं. मला स्वतःला गेल्या काही वर्षांतला सगळ्यात आवडलेला गेम हाच. आणि ज्यात समोर खरी माणसं लागतात असे ऑनलाइन गेम सुरुवातीलाच खेळण्यात मजा असते. वर्षभरानं गेलास तर तिथं फक्त मुरलेले पैलवान उरलेले असतात, ते तुला दोन मिनिटांत लोळवतात.

आता थांबवता येणारे आणि न येणारे गेम. खरेदी करताना हे कुणी बघत नाही. एल्डन रिंगमध्ये गेम जिथल्या तिथं थांबवायचं सरळ बटण नाही. आईनं जेवायला हाक मारली, सिलेंडरवाला आला, फोन वाजला, तर तू मेलास. ऑनलाइन सामन्याचंही तेच. बाल्डर्स गेट ३ आळीपाळीचा आहे, हवा तिथं सेव्ह होतो, पण आठवडाभर रात्रपाळी करून परत बसलास की कोण कुणाचा आणि कुठं निघालो होतो हे आठवण्यातच अर्धा तास जातो. शिफ्टवाल्या माणसाला मी सुरुवातीला दहा ते तीस तासांत संपणारा, एका बैठकीत एक टप्पा पुरा होणारा गेम देतो. २०२४ चा सर्वोत्तम ठरलेला ॲस्ट्रो बॉट घे. एक पातळी पंधरा-वीस मिनिटांची, हात पुन्हा बसायला उत्तम, आणि पीएस ५ च्या कंट्रोलरमध्ये काय काय आहे ते त्याच्याइतकं कुणीच दाखवत नाही. हेडीससारख्यात एक फेरी अर्ध्या तासात संपते. मोठा गेम नंतर, सलग सुट्टी मिळेल तेव्हा सुरू कर.

फुटबॉलचं वेगळं सांगायला हवं, कारण कोल्हापुरात राहून तू फुटबॉलचा गेम घेणार नाहीस यावर माझा विश्वास नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाची मॅच असली की माझं पार्लर दुपारभर ओस पडतं, आणि मॅच सुटली की तीच पोरं येऊन तोच सामना टीव्हीवर पुन्हा लढवतात. या गेमचं नाव २०२३ पासून बदललं. फिफा २३ हा त्या नावाचा शेवटचा. नंतर गेम बनवणारी ईए कंपनी आणि फिफाचा करार संपला आणि ईए स्पोर्ट्स एफसी हे नाव आलं. दर सप्टेंबरात नवा अंक येतो, आणि खरं सांगायचं तर दोन सलग अंकांत खेळाडूंच्या बदल्या सोडल्या तर माझ्या गिऱ्हाइकांना फार फरक जाणवत नाही. नोव्हेंबरच्या सेलमध्येच किंमत बरीच खाली येते. मागच्या वर्षीची डिस्क तर इथं चहा-भजीच्या हिशेबात मिळते. घरात मित्रांशी आणि बहिणीशी खेळायचं असेल तर ती बिनधास्त घे.

मात्र त्यातल्या अल्टिमेट टीमपासून जपून. तिथं खरे पैसे देऊन पाकिटं फोडायची, आत कोण खेळाडू निघेल ते नशिबावर. बेल्जियमच्या अधिकाऱ्यांनी २०१८ मध्ये असल्या पाकिटांना जुगार ठरवलं, आणि २०१९ च्या सुरुवातीला कंपनीला तिथं पाकिटं घ्यायच्या पॉइंट्सची विक्री बंद करावी लागली. आपल्याकडं चालू आहे. वर पुढच्या वर्षीच्या गेममध्ये पुन्हा शून्यापासून संघ बांधायचा. मुंग्या साखर नेतात तसे यात शंभर-दोनशे करत पैसे जातात आणि बँकेचा मेसेज आल्यावरच कळतं. करिअर मोड खेळ, त्यात काही विकत घ्यावं लागत नाही.

आता मशीन. उत्तर परिस्थितीवर ठरतं, म्हणून आधी परिस्थिती सांगतो. तुला कॅड (कॉम्प्युटरवर आराखडे काढणं) शिकायचं असेल, व्हिडिओ एडिटिंग करायचं असेल, किंवा बहिणीला पुढं कॉम्प्युटर सायन्सला जायचं असेल, तर पीसी घे आणि गेम हा त्याचा जोडधंदा समज. पीसीवर गेम स्वस्त पडतात. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात २०१५ पासून रुपयांत किंमती आहेत, सेल वारंवार लागतात, आणि घेतल्यापासून चौदा दिवसांत व दोन तासांपेक्षा कमी खेळला असशील तर पैसे परत मिळतात. ऑनलाइन खेळायला महिन्याची वर्गणी नाही. पीएस ५ वर मात्र फुकटचे गेम सोडले तर ऑनलाइन खेळायला पीएस प्लस ही वर्गणी लागते.

पण साठ हजारांत मॉनिटर, कीबोर्डसकट धड गेमिंग पीसी बसवणं सध्या ओढाताणीचं झालंय. मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरकडं वळल्यामुळं २०२५ च्या शेवटापासून रॅम आणि एसएसडी महागल्यात. कुठंतरी काटकसर करावी लागते, आणि दुकानदार ती बहुधा पॉवर सप्लायमध्ये करतो, कारण गिऱ्हाईक तिकडं बघत नाही. तुझ्या प्रश्नात गेमशिवाय दुसरं काही काम दिसत नाही, टीव्ही घरात आहे, दमून आल्यावर बटण दाबलं की सुरू व्हावं एवढीच अपेक्षा आहे. तुझ्यासाठी पीएस ५, आणि तो डिस्कवालाच.

डिस्कवाला का? पीएस ५ स्लिम एप्रिल २०२४ मध्ये भारतात आला तेव्हा डिस्कवाला ५४,९९० ला होता आणि बिनडिस्कचा ४४,९९० ला. तेव्हा दहा हजार वाचायचे म्हणून पोरं बिनडिस्कचा घ्यायची. मग प्रत्येक गेम ऑनलाइन दुकानातूनच, ते सांगतील त्या किमतीला, आणि खेळून झाल्यावर विकता येत नाही. डिस्क मात्र फिरते. राजारामपुरी, शाहूपुरीतल्या दुकानांत अदलाबदल चालते, मित्रामित्रांत चालते. तीन हजारांत घेतलेला गेम तीन महिन्यांनी दोन हजारांना जातो, म्हणजे तिमाहीचा खर्च हजार रुपये. वर्षाला चार गेमच्या हिशेबात ते दहा हजार सव्वा वर्षात फिटतात. डिस्क असली तरी गेम कन्सोलमध्ये भरावाच लागतो, आणि अपडेट उतरवावे लागतात. शंभर जीबी उतरवायला ५० एमबीपीएसच्या लाइनवर साडेचार तास लागतात. कामाला जाताना लावून जा.

सेकंड हँड मिळत असेल तर नको म्हणणार नाही, पण दोन मिनिटं चालू करून बघून घेऊ नको. स्वतःच्या अकाउंटनं त्यात लॉगिन कर, म्हणजे मशीनवर सोनीनं बंदी घातलेली नाही ना ते कळतं. डिस्क घाल, काढ, पुन्हा घाल. जड गेम अर्धा-पाऊण तास चालव आणि पंख्याचा आवाज ऐक. एचडीएमआयची वायर हलवून चित्र जातंय का बघ. बिल माग, खोक्यावरचा आणि मशीनवरचा नंबर जुळव. आणि आधी कुणी उघडलाय का ते नक्की विचार. पीएस ५ च्या चिपवर उष्णता बाहेर न्यायला नेहमीच्या पेस्टऐवजी द्रवरूप धातू लावलेला असतो. अर्धवट माहितीच्या माणसानं उघडला की तो धातू बोर्डावर ओघळतो, आणि मग माझ्याकडं आणून उपयोग नसतो. धूळ काढायला मशीन पूर्ण उघडावं लागतच नाही. बाजूचं पांढरं कव्हर काढलं की धूळ साठायची भोकं दिसतात, व्हॅक्यूम तिथं लावायचा.

कंट्रोलरचं एक. फुटबॉलवाल्यांचा आधी डावा स्टिक जातो, मग धावायचं आर-टू बटण. स्टिकच्या आत घासणारी पट्टी असते, ती झिजली की हात न लावता खेळाडू चालायला लागतो. दुरुस्त होतं. पण बहिणीला नवा आणि मित्रांना जुना कंट्रोलर द्यायचा नियम घरात आत्ताच कर.

विजेकडं दुर्लक्ष करू नको. पावसाळ्यात उचगावात लाईट कशी येते-जाते ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. सेव्ह होताना किंवा अपडेट बसताना वीज गेली की आतला डेटा बिघडायची शक्यता असते. पीएस ५ खेळताना साधारण दोनशे वॉटच्या आसपास ओढतो, त्रेचाळीस इंची एलईडी टीव्ही शंभरच्या आत. सहाशे व्हीएचा साधा यूपीएस दोन्ही काही मिनिटं सांभाळतो, तेवढ्यात सेव्ह करून बंद करता येतं. आणि दमट हवा आहे म्हणून मशीनवर प्लास्टिकचं कव्हर किंवा क्रोशाचा रुमाल घालू नका, आईला समजावून सांग. हवा कोंडते. स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून ठेवू नको. उबेला झुरळं आत जातात, पॉवर सप्लायवर मरतात आणि शॉर्ट होतं. माझ्याकडं येणाऱ्या कन्सोलमध्ये हे कारण तुला वाटतं त्यापेक्षा फार वरच्या नंबरला आहे.

फुकटात होणारी सगळ्यात मोठी सुधारणा टीव्हीत आहे. सेटिंगमध्ये गेम मोड शोध आणि चालू कर. टीव्ही चित्र सुंदर करण्यासाठी त्यावर प्रक्रिया करतो, त्यात वेळ जातो, आणि तू बटण दाबल्यावर पास उशिरा सुटतो. "पीएस हळू चालतोय" म्हणून तक्रार घेऊन आलेल्या कित्येकांना मी नुसतं हे बटण सांगून घरी पाठवलंय. फोरके टीव्ही नसेल तर आत्ता घेऊ नको. फुल एचडीवर पीएस ५ व्यवस्थित चालतो.

जीटीए ६ साठी थांबू का? हे लिहितोय तेव्हा जाहीर तारीख १९ नोव्हेंबर २०२६ आहे. आधी २०२५ सांगितलं होतं, मग २६ मे २०२६, मग हे. जाहीर झालाय तो पीएस ५ आणि एक्सबॉक्स सिरीजसाठी. पीसीचं नाव अजून नाही. जीटीए ५ कन्सोलवर सप्टेंबर २०१३ ला आला आणि पीसीवर एप्रिल २०१५ ला, म्हणजे दीड वर्षाहून जास्त अंतर. त्यामुळे तोच एक गेम डोक्यात असेल तर पीसीचा विचार सोड. पण त्याच्यासाठी आज मशीन घेऊन धूळ खात ठेवणं, किंवा त्याच्यासाठी आज खेळायचं थांबणं, दोन्हीला अर्थ नाही. तोवर तुझे तीन-चार गेम आरामात होतात. तो आल्यावरही वर सांगितलेलाच हिशेब: पहिले काही आठवडे दुसऱ्यांना खेळू दे.

बहिणीसाठी इट टेक्स टू घे, २०२१ चा. तो एकट्यानं खेळताच येत नाही, दोघं लागतात, आणि एकाच टीव्हीवर बसून खेळता येतो. आवडला तर त्याच स्टुडिओचा २०२५ चा स्प्लिट फिक्शन. आपल्या मातीचं काही दाखवायचं असेल तर पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा राजी, २०२० चा. लहान आहे, मारामारी थोडी कच्ची वाटते, पण किल्ले आणि मंदिरांची चित्रं बघत राहावीत अशी आहेत.

तू शेवटी विचारलंस की गेमवरून आलेल्या मालिका आधी बघू की गेम आधी खेळू. माझ्याकडं एप्रिल २०२४ मध्ये फॉलआउटची मालिका आल्यावर २०१५ चा फॉलआउट ४ मागणारी नवीनच माणसं यायला लागली. त्यात काही वाईट नाही, त्या मालिकेची गोष्टही स्वतंत्र आहे. द लास्ट ऑफ अस मात्र गेम आधी खेळ, कारण तिथं मालिका गेमचीच गोष्ट सांगते आणि धक्के एकदाच बसतात. तुझा दीड तास मालिकेत गेला तर त्या दिवशी गेम नाही, एवढं धरून चाल.

तुझ्या साठ हजारांची विभागणी माझ्या मते अशी: डिस्कवाला कन्सोल, एक यूपीएस, मागच्या वर्षीचा फुटबॉल, आणि इट टेक्स टू. ॲस्ट्रो बॉट सेलमध्ये. जे काही उरेल ते दुसऱ्या कंट्रोलरसाठी बाजूला ठेव. टीव्हीचा मॉडेल नंबर आणि नेटचा स्पीड इथं लिही, एचडीएमआयच्या कुठल्या पोर्टला लावायचा ते सांगतो.